जाळे सुताचे, हिशोब आसाचा
कोकण किनाऱ्यावरील मासेमारी : मोसम, सूत आणि तिजारत

कपड्याच्या धंद्यातील माणसाने मासेमारीवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण जाळे म्हणजे अखेर सूतच आहे. कापडात आपण ताणा-बाणा पाहतो, पोत पाहतो, डेनिअर विचारतो. जाळ्यातही तेच पाहायचे असते. फरक इतकाच की कापडात दोन धाग्यांमधली जागा जितकी कमी तितका माल चांगला समजला जातो आणि जाळ्यात त्या मोकळ्या जागेवरच सगळी रोजी अवलंबून असते. या जागेला कोळी आणि दालदी बांधव 'आस' म्हणतात. नायलॉनच्या जाळ्याचा व्यापार करणारे, होडीला भांडवल देणारे, मासळीचा लिलाव घेणारे आणि जाळी विणून-सांधून पोट भरणारे आपले बांधव रत्नागिरी, रायगड, मुंबई या पट्ट्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हा मजकूर.

सुती जाळ्यापासून नायलॉनपर्यंत

पूर्वी जाळी कापसाच्या किंवा तागाच्या सुताची असत. सुती धागा ओला झाला की अधिक मजबूत होतो. हा त्याचा मोठा गुण होता. पण तो कुजतो. म्हणून जाळे रोज वाळवावे लागे आणि ठराविक दिवसांनी ऐनाच्या सालीच्या किंवा चिंचोक्याच्या टरफलाच्या काढ्यात उकळावे लागे. चिंचोका आपल्या धंद्यालाही परका नाही. त्याच्या गराची खळ मागावरच्या ताण्याला लागत असे आणि टरफल जाळ्याला. एकाच बीवर दोन हुन्नर चालत.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे नायलॉनची जाळी येऊ लागली आणि दिवस बदलले. नायलॉन कुजत नाही, वजनाला हलके, ताणाला चिवट. कोचीनची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था १९५७ साली स्थापन झाली. तिने कोणत्या माशाला कोणते सूत आणि कोणता आस याचा बराच अभ्यास करून ठेवला आहे.

पण सुती जमान्याची एक सवय अजून गेलेली नाही. जाळे किनाऱ्यावर उन्हात दिवसेंदिवस पसरून ठेवण्याची ही सवय सुताला हितकारक होती, नायलॉनला मात्र घातक आहे. कडक उन्हाने नायलॉनचा जोर उतरतो. वरून रंग तोच दिसतो, पण हाताने ताणले की धागा तुटतो. नायलॉनचे जाळे गोड्या पाण्याने धुवावे, सावलीत वाळवावे आणि उंदरांपासून जपून ठेवावे. त्याचे आयुष्य वाढले तर ती फुकटची कमाई आहे.

खरेदीच्या वेळी काय पाहावे

जाळ्याचे नायलॉन सूत बहुधा २१० डेनिअरच्या धाग्यावर मोजतात. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम तितके डेनिअर. गाठोड्यावर २१०/२/३ असे लिहिले असेल तर २१० डेनिअरचे दोन धागे एकत्र पिळून असे तीन पदर पुन्हा पिळले आहेत, म्हणजे एकूण सहा धागे, १,२६० डेनिअर. पदर मोजून पाहावेत. छाप एक आणि आत पदर कमी, असा माल बाजारात असतो.

सूत ओळखण्याच्या दोन जुन्या परीक्षा आहेत. एक पाण्याची. पॉलिथिलीनचा धागा पाण्यावर तरंगतो आणि नायलॉनचा बुडतो. दुसरी आगीची. नायलॉन वितळून त्याची कडक गुठळी होते, पॉलिथिलीन जळताना मेणबत्तीसारखा वास येतो, पॉलिएस्टर काळा धूर सोडते आणि सूत कागदासारखे जळून राख होते. ट्रॉलसारख्या ओढत न्यायच्या जाळ्याला पॉलिथिलीन चालते. माशाला दिसू नये अशा अडकवणाऱ्या जाळ्याला मऊ नायलॉन किंवा पारदर्शक एकेरी तार लागते.

तिसरी गोष्ट गाठ. जाळे ओले करून एक आस दोन्ही हातांनी जोरात ताणावा. गाठ सरकली तर माल परत करावा. सरकलेल्या गाठीने एक आस मोठा आणि शेजारचा लहान होतो. एकेरी तार गुळगुळीत असल्यामुळे तिला दुहेरी गाठ हवी. चांगला कारखाना विणल्यानंतर वाफेची उष्णता देऊन गाठ बसवतो, जसे आपल्याकडे कापडाला फिनिशिंग करतात.

मोसमाप्रमाणे मासेमारी

पावसाळा हा समुद्राच्या आरामाचा आणि जाळ्याच्या दुरुस्तीचा काळ. पश्चिम किनाऱ्यावर केंद्राच्या हद्दीत २०१५ पासून यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी लागू झाली. पुष्कळ मासळी या दिवसांत अंडी घालते. याच काळात खाडीत पाग टाकून आणि गळ लावून लहान लोक भाजीपुरती मासळी आणतात. पहिल्या पावसात ओढ्या-नदीतून वर चढणारी वलगणीची मासळी मात्र पोटात अंडी घेऊन येते. ती टोपल्या भरभरून मारणे म्हणजे पेरणीचे बी दळून खाणे होय.

ऑगस्टमध्ये होड्या लोटल्या की कोळंबी आणि पापलेट यांच्या आशेने सगळे बाहेर पडतात. सप्टेंबरपासून बांगडा आणि तारली यांचे थवे किनाऱ्याजवळ येतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीची रापण हीच वेळ साधते. होडीने जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकायचे आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोके माणसांनी ओढायची. पर्ससीन जाळे याच थव्याला भर समुद्रात वेढा घालते आणि खालच्या कड्यांतून दोर ओढून बटव्यासारखे तोंड आवळते. एकाच वेढ्यात टनांनी मासळी येते. त्यावरून रापणकर आणि पर्ससीनवाले यांचे तंटे झाले. सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या १२ सागरी मैलांच्या हद्दीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर इतकीच मुदत ठेवली आणि परवान्यांना मर्यादा घातली.

हिवाळ्यात समुद्र शांत असतो. सुरमई आणि पापलेट यांच्यासाठी रात्री तरंगती जाळी सोडतात. अंधाऱ्या रात्री माशाला जाळे दिसत नाही, म्हणून काळोखाचे दिवस बरे. मुंबई, पालघर, रायगडकडे डोल जाळी चालते. ती खुंटाला बांधून ओहोटी-भरतीच्या वाहत्या पाण्यात तोंड उघडे धरून ठेवतात आणि पाणीच बोंबील, जवळा, करंदी आत आणून टाकते. पाण्याला ओढ हवी म्हणून उधाणाचे दिवस डोलीचे आणि भांगाचे दिवस विश्रांतीचे. आपल्या हिजरी तारखेने हे सहज समजते. चाँदच्या पहिल्या दोन-तीन आणि पंधरा ते सतरा तारखांना उधाण, आठव्या-नवव्या आणि तेविसाव्या तारखेच्या आसपास भांग.

उन्हाळ्यात वारा सुटतो आणि आवक घटते. हा काळ सुक्या मासळीचा. बोंबील, सुकट, सोडे यांचा पावसाळ्यासाठी साठा होतो. मे-जूनच्या वादळांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते यांनी होड्या, जाळी आणि घरे यांची काय दशा केली ते किनाऱ्याने पाहिले आहे.

लहान आसाचा महाग सौदा

आता मुख्य मुद्दा. मासळी कमी मिळू लागली की पहिला विचार येतो आस लहान करण्याचा. जे निसटत होते तेही हाती लागेल, असा हिशोब. हा हिशोब सुताच्या तराजूत घालून पाहू.

आस निम्मा केला तर तितक्याच क्षेत्राच्या जाळ्याला सूत दुप्पट लागते आणि गाठी चौपट लागतात. जाळे किलोवर विकले जाते, म्हणजे खरेदीतच रक्कम दुप्पट गेली. घट्ट जाळे पाण्याला अडवते, म्हणून ओढताना डिझेल जास्त जळते. गाठी चौपट म्हणजे दुरुस्तीही वाढली. इतका खर्च करून हाती काय आले? बोटाएवढी पिल्ले. त्यांना माणसांच्या बाजारात भाव नाही. ती फिशमीलच्या कारखान्यात कवडीमोलाने जातात.

समजा, एका किलोत ४० ग्रॅमची २५ पिल्ले बसली. ती जगून ४०० ग्रॅमची झाली असती तर १० किलो माल झाला असता. त्यातली निम्मी मोठ्या माशांनी खाल्ली असे धरले तरी ५ किलो. एक किलो कचऱ्याच्या भावाने विकून पाच किलो उत्तम माल बुडवला, याला कोणता व्यापारी नफा म्हणेल? हा नफा नसून मुद्दल खाणे आहे. जो दुकानदार मुद्दल खातो त्याचे दुकान किती वर्षे चालते हे आपण सारे जाणतो.

योग्य आसाचे अडकवणारे जाळे स्वतःच माल निवडते. बांगड्याला सुमारे ५० मिलिमीटर, पापलेटला १२० च्या पुढे, असा ताणून मोजलेला आस असला तर लहान मासा पार होतो आणि बाजारात भाव येणारा अडकतो. ट्रॉलमध्ये तिरप्या आसाचे एक दुखणे आहे. ओढ लागली की तो मिटतो आणि पिल्लेही कोंडली जातात. चौकोनी आस ओढीतही उघडा राहतो. म्हणून ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटर चौकोनी आसाची अट घातली गेली आहे.

राज्य सरकारने २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा जाहीर केले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवली. त्यात पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० आणि सुरमई ३७० आहे. लिलाव घेणाऱ्या व्यापाऱ्याने एक पट्टी जवळ ठेवली तर होडीवाल्याला आपोआप समज येईल. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो कोणी आणत नाही.

यंत्रे : कोणते घ्यावे, कोणते टाळावे

यंत्राला नाव ठेवण्याचे कारण नाही. उपग्रहावर चालणारे जीपीएस माघारीची वाट दाखवते. ध्वनीवर चालणारे मत्स्यशोधक यंत्र पाण्याखालचा थवा आणि खडक दाखवते, त्यामुळे जाळे फाटत नाही. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य उपग्रहाने पाहून मासळी कोठे असण्याचा संभव आहे याची सूचना विनामूल्य देते. ती ऐकून गेले तर भटकंतीचे डिझेल वाचते. वादळाची आणि उंच लाटांची खबरही तीच देते.

टाळायचे यंत्र म्हणजे एलईडीचे प्रखर दिवे. रात्री पाण्यावर ते लावले की लहान-मोठी सारी मासळी गोळा होते आणि एकदम उपसली जाते. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये यावर बंदी घातली. राज्याचा कायदा १९८१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात एलईडीसाठी किमान ५ लाखांचा दंड आला. एका रात्रीच्या कमाईसाठी होडी गुंतवणे शहाणपणाचे नाही.

उचल आणि सौदा

शेवटी एक गोष्ट व्यापारी बांधवांसाठी. मोसमाच्या तोंडावर होडीवाला जाळे उधार घेतो, डिझेल-बर्फासाठी उचल घेतो आणि त्या बदल्यात सगळी मासळी देणाऱ्याच्याच भावाने घालण्याचे कबूल करतो. पाण्यातल्या माशाचा सौदा आपल्या फिक्हमध्ये नामंजूर आहे, कारण जे हातात नाही आणि किती आहे ठाऊक नाही त्याची विक्री ही धोक्याची विक्री. आगाऊ रक्कम द्यायचीच असेल तर जात, वजन, मुदत आणि भाव आधी ठरवून, लिहून, साक्षीदार ठेवून द्यावी. सलमच्या अटी आपल्या आलिमांना विचारून घ्याव्यात. भागीदारी करायची तर नफ्यातोट्यात दोघांनी उभे राहावे.

यात दीनाची बाजू आहे तशी धंद्याचीही आहे. कर्जाने गळ्यापर्यंत बुडालेला तांडेल मोठा आस परवडत नाही म्हणतो. हप्ता फेडायचा म्हणून तो पिल्लेही सोडत नाही. देणाऱ्याने मुदत सैल ठेवली तर घेणाऱ्याला आस मोठा ठेवता येतो. जाळ्याच्या दुकानदाराने विकताना 'बारीक घ्या, जास्त लागेल' असे सांगणे बंद करावे. त्याचे किलो आज वाढतील, पण चार वर्षांनी जाळे विकत घेणाराच किनाऱ्यावर राहणार नाही.

समुद्राची रोजी हलाल आहे आणि कोणाच्या एकट्याच्या मालकीची नाही. आपल्या वाडवडिलांनी ती आपल्यापर्यंत पोचवली, ती अमानत आहे. बंदीच्या दिवसांत जाळी सांधायला बसाल तेव्हा सुई हातात घेण्याआधी पट्टी हातात घ्या आणि आस मोजा.