न सांगितलेल्या जागा : बायबलवरील चित्रपट आणि ख्रिस्ती दृष्टी



मी जैन, व्यवसायाने होमिओपॅथीचा डॉक्टर. बायबलवरच्या चित्रपटांविषयी मी बोलायला उभा राहावे याचे आपल्याला नवल वाटेल. त्याचे कारण माझ्या दवाखान्यातले आहे. सांधेदुखीसाठी माझ्याकडे एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षिका येतात. गुड फ्रायडेच्या आठवड्यात मी सहज म्हणालो, "बाई, टीव्हीवर येशूचा चित्रपट आहे. पाहणार ना?" त्या म्हणाल्या, "नाही डॉक्टर. एकदा पाहिला होता. मग कित्येक दिवस प्रार्थनेला डोळे मिटले की त्या नटाचाच चेहरा पुढे यायचा." त्यांची धाकटी बहीण मात्र तोच चित्रपट दरवर्षी पाहते आणि दरवर्षी रडते. चर्च एक, घर एक, आणि दृष्टी दोन.

आपल्याला हा प्रश्न सहसा पडत नाही. दशावतारात गावचाच माणूस देव होतो, आपण हात जोडतो. सकाळी तोच चहाच्या टपरीवर दिसला तरी आपल्या श्रद्धेला धक्का लागत नाही. येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहून दादासाहेब फाळक्यांना आपले देव पडद्यावर आणावेसे वाटले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. ख्रिस्ती परंपरेत मात्र हा वाद फार जुना आहे. दहा आज्ञांत मूर्ती घडवण्यास मनाई आहे, म्हणून काही प्रॉटेस्टंट पंथ येशूचे चित्रसुद्धा वर्ज्य मानतात. उलट ७८७ सालच्या निकेआच्या धर्मसभेने पवित्र चित्रांना मान्यता दिली. त्यामागचा विचार असा, की देव माणूस होऊन दिसला, म्हणून त्याचे चित्र काढता येते. १९५९ च्या 'बेन-हर'मध्ये येशूचा चेहरा एकदाही दिसत नाही. दिसते ती पाठ आणि हात.

चेहऱ्याइतकाच अवघड प्रश्न ग्रंथाच्या मौनाचा आहे. बायबल फार कमी शब्दांत बोलते. उत्पत्तीच्या पुस्तकात नोहा तारू बांधतो, प्रलय येतो आणि ओसरतो, पण तोवर नोहाच्या तोंडी एकही वाक्य नाही. त्याचे पहिले शब्द येतात ते नवव्या अध्यायात, आणि तेही शापाचे. सव्वादोन तासांच्या चित्रपटात नायक मुका कसा ठेवणार? २०१४ च्या 'नोहा'त दिग्दर्शक डॅरेन अ‍ॅरोनॉफ्स्की यांनी ही जागा भरली. त्यांचा नोहा मानवजात संपावी अशा निष्कर्षाला येतो आणि नवजात नातींवर सुरी उगारतो. अनेक ख्रिस्ती प्रेक्षक संतापले. अखेर, हा चित्रपट मूळ कथेवरून स्फुरलेला आहे, असा खुलासा जाहिरातींत द्यावा लागला. न्याय आणि दया यांतली ओढाताण नोहाच्या कथेत मुळातच आहे, म्हणून चित्रपटाची बाजू घेणारे ख्रिस्तीही होते.

मग भर घालणे हाच गुन्हा का? तसे दिसत नाही. २००४ च्या 'द पॅशन ऑफ द क्राइस्ट'मध्ये पिलाताची पत्नी येशूच्या आईला रक्त पुसायला वस्त्र देते. शुभवर्तमानांत हे कुठेच नाही. ते आले आहे अ‍ॅन कॅथरिन एमेरिख या जर्मन जोगिणीच्या दर्शनांवर आधारलेल्या एकोणिसाव्या शतकातील पुस्तकातून. तरी कॅथलिकच काय, प्रॉटेस्टंट मंडळींनीही हा चित्रपट डोक्यावर घेतला. जी भर आपल्या भक्तीशी जुळते ती भर वाटतच नाही.

अशी न जाणवणारी भरच अधिक जपून पाहावी लागते. मग्दालीया मरीया पडद्यावर वारंवार पतित स्त्री म्हणून येते. शुभवर्तमाने तसे म्हणत नाहीत; तिथे ती पुनरुत्थानाची पहिल्या साक्षीदारांपैकी एक आहे. ५९१ साली पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला दुसऱ्या एका पापी स्त्रीशी एकरूप मानले आणि तो डाग तिला चौदा शतके चिकटला. कॅथलिक चर्चने १९६९ साली आपल्या दिनदर्शिकेत ही गल्लत दूर केली. चित्रपट मात्र जुनीच मरीया दाखवत राहिले.

तरीही एक सीमा आहे. १९८८ च्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट'मध्ये क्रूसावरचा येशू संसाराचे स्वप्न पाहतो आणि अखेर ते नाकारून मरण स्वीकारतो. त्याला मोह झाला, यावर ख्रिस्ती माणसाचा आक्षेप नाही. इब्री लोकांस पत्र हेच सांगते. पण तेच पत्र त्याला निष्पाप म्हणते, आणि चित्रपटातला येशू स्वतःला पापी समजतो. 'पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य' ही श्रद्धाच तिथे हलते. म्हणून निदर्शने झाली. पॅरिसमधले एक चित्रपटगृह पेटवलेही गेले. त्याचे समर्थन मात्र कोणत्याही श्रद्धेने होऊ शकत नाही.

याउलट पासोलिनी. स्वतः नास्तिक आणि मार्क्सवादी. १९६४ च्या चित्रपटात त्यांनी मत्तयच्या शुभवर्तमानातलेच संवाद ठेवले आणि मौनाच्या जागा मौनच राहू दिल्या. व्हॅटिकनने १९९५ साली निवडलेल्या ४५ महत्त्वाच्या चित्रपटांत तो आहे.

रुग्णाची हकिकत ऐकताना आम्हा डॉक्टरांना हाच मोह असतो. तो जे सांगत नाही ते आपल्या अंदाजाने भरले, की औषध चुकते. पण काहीच न भरता निदानही होत नाही. भरावे, आणि हे आपण भरले आहे याची आठवण ठेवावी. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली बायबलची कथा मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' म्हणून सांगितली, तेव्हा त्यांच्यापुढेही हेच काम होते.

आमच्या पंचकल्याणक सोहळ्यात श्रावक इंद्र-इंद्राणी होतात, तीर्थंकरांचे माता-पिताही होतात. तीर्थंकर मात्र कोणी होत नाही. तिथे मूर्तीच असते. त्यामुळे त्या बाईंचे म्हणणे मला लगेच कळले. धाकट्या बहिणीचे अश्रू कळायला वेळ लागला. पुढच्या खेपेला मी बाईंना विचारले, "बहीण पाहते तेव्हा तुम्ही काय करता?" त्या म्हणाल्या, "शेजारी बसते. डोळे मिटून ऐकते."