भिंतीखालचा हिशेब

आग लांबून विझवायची, की आत शिरून तिचं मूळ गाठायचं? जेम्स ब्रेडवूडने दुसरा मार्ग धरला. १८२४ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी तो एडिंबरोच्या अग्निशमन दलाचा प्रमुख झाला. दलात त्याने गवंडी, सुतार, छपरं घालणारे घेतले. घराची हाडं ओळखणारी माणसं ती!

१८३३ साली लंडनने त्याला बोलावलं. गंमत म्हणजे तिथलं दल सरकारचं नव्हतं. विमा कंपन्यांनी आपल्या खर्चाने चालवलेलं होतं. बँकेत उमर घालवलेल्या मला हा हिशेब चटकन कळतो. भरपाई द्यावी लागू नये म्हणून आग विझवायची!

२२ जून १८६१ रोजी टेम्सकाठच्या टूली स्ट्रीटवरची गोदामं पेटली. आत कापूस, अंबाडी, चरबी. थकलेल्या जवानांची विचारपूस करत ब्रेडवूड फिरत होता, तेवढ्यात भिंत कोसळली. तो तिच्याखाली गाडला गेला.

या आगीने विमा कंपन्यांचं कंबरडं मोडलं. हा भार आम्हाला पेलत नाही, असं त्यांनी सरकारला कळवलं. १८६५ साली कायदा झाला आणि १८६६ पासून लंडनला स्वतःचं दल मिळालं. जिथे जीव पणाला लागतो, ते काम नफ्यातोट्याच्या वहीत मावत नाही. एवढं उमगायला एक भिंत पडावी लागली.