तापाच्या दिवसांतील इन्सुलिन

दापोली तालुक्यातील बुरोंडीच्या किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक नौका सरकारी हुकुमाने वर ओढून ठेवलेल्या असतात, जाळ्यांची डागडुजी चाललेली असते आणि भोवतालच्या खाचरांत माणसे चिखलात उभी राहून भाताची लावणी करीत असतात. पायाच्या भेगा, शिंगाळ्याच्या काट्याची जखम आणि अंगातली कणकण या गोष्टी तेव्हा इतक्या नित्याच्या होतात की त्यांची दखल घेण्याची सवडही कोणाला नसते. ज्या घरात पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले मूल आहे, त्या घराला मात्र ही बेफिकिरी परवडणारी नाही. आणि तेथेच, निव्वळ मायेपोटी, एक घातक चूक होण्याचा संभव असतो. मूल तापाने फणफणले आहे, अन्नाला शिवत नाही, तेव्हा साखर फार उतरेल या भीतीने इन्सुलिनचे इंजेक्शनच बंद करावयाचे, ही ती चूक होय.

मधुमेहाच्या या व्याधीत प्रतिकारशक्ती मुळातच दुबळी असते, असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक तिचा उगमच त्या शक्तीच्या अवाजवी अंमलात आहे: शरीराच्या रक्षणार्थ तैनात असलेल्या टी-पेशी स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशींनाच शत्रू मानून त्यांचा नाश करतात. परंतु बाहेरून येणाऱ्या जंतूंविरुद्धची यंत्रणा त्यामुळे नाहीशी होत नाही. लस टोचली असता या मुलांच्या शरीरातही प्रतिपिंडे तयार होतात, आणि म्हणूनच त्यांना इन्फ्लूएंझाची व न्यूमोकॉकसची लस देण्याचा आग्रह वैद्यक धरते.

मग संसर्ग त्यांना अधिक का छळतो? उत्तर रक्तातील साखरेत आहे. जंतू शिरला की प्रथम धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, साखर दीर्घकाळ चढलेली असता, जखमेपर्यंत मंदगतीने पोहोचतात, जंतूला गिळण्यात उण्या पडतात, आणि गिळलेल्या जंतूला जाळणारी प्राणवायूची तीव्र द्रव्येही पुरेशी निर्माण करू शकत नाहीत. उबदार खाऱ्या पाण्यात वाढणारे व्हिब्रिओ कुळातील काही जंतू मासेमाराच्या क्षुल्लक जखमेतून आत शिरतात, ते मधुमेही देहात अधिक उग्र रूप धारण करू शकतात. साखर ताब्यात असेल, तर हा उणेपणा पुष्कळ अंशी भरून निघतो. म्हणजे इन्सुलिन हे या मुलांच्या बाबतीत केवळ साखरेचे नव्हे, तर संरक्षणाचेही औषध ठरते.

आता त्या चुकीकडे वळू. ताप आला की शरीर कॉर्टिसॉल, ॲड्रेनॅलिन आणि ग्लुकॅगॉन ही संप्रेरके अधिक प्रमाणात सोडते. त्यांच्या प्रभावाने यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात ओतते आणि इन्सुलिनचा परिणाम बोथट होतो. मूल उपाशी असले तरी साखर चढते ती यामुळे, आणि नेमक्या याच वेळी इन्सुलिनची गरज बहुधा वाढते. ते तोडले तर पेशी चरबी जाळू लागतात, कीटोन साचतात आणि रक्त आम्लधर्मी होते. अशा आम्लधर्मी रक्तात प्रथिनांना बांधलेले लोह सुटे होते व काही बुरशींना ते पोषक ठरते. २०२१ साली महाराष्ट्राने पाहिलेल्या म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाच्या साथीत अनियंत्रित मधुमेहाचा वाटा मोठा होता.

म्हणून आजारपणात पायाभूत इन्सुलिन, म्हणजे जेवणाशी निगडित नसलेली रोजची मात्रा, कदापि बंद करू नये. मात्रा किती कमी-अधिक करावयाची ते डॉक्टरांना विचारावे. दर तीन-चार तासांनी साखर तपासावी, लघवीतील कीटोन पाहावेत, घोट घोट पाणी पाजावे. उलट्या थांबत नसल्या, श्वास खोल व जलद चालू लागला किंवा ग्लानी आली, तर सकाळची वाट न पाहता दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे.

इन्सुलिनच्या साठवणीचा बंदोबस्तही पावसाळ्यापूर्वीच व्हावयास हवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर या तालुक्यातील गावे कित्येक दिवस विजेविना होती, आणि शीतकपाट बंद पडले की न उघडलेल्या कुपीला लागणारे २ ते ८ अंश तापमान राखता येत नाही. अशा वेळी कोरड्या डब्यात घातलेली कुपी ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवावी. वापरात काढलेली कुपी उन्हापासून जपली तर साधारणतः चार आठवडे टिकते.