शाळेचा वार्ताफलक : दैनंदिन वार्ता आणि विद्यार्थ्यांची कामगिरी

आपल्या बहुतेक प्राथमिक शाळांच्या व्हरांड्यात एक लहान फळा टांगलेला असतो. त्यावर वार, दिनांक, सुविचार, पट व उपस्थिती लिहिली जाते आणि त्याखाली ‘आजची वार्ता’ व ‘अभिनंदन’ असे दोन रकाने असतात. परिपाठाच्या वेळी एखादा विद्यार्थी वृत्तपत्रातील दोन ठळक मथळे वाचून दाखवितो. शिष्यवृत्ती परीक्षेत किंवा क्रीडास्पर्धेत कोणी यश मिळविले असल्यास त्याचे नाव पुकारले जाते. टाळ्या होतात आणि मुले वर्गात जातात. हा परिपाठ शिस्तीने चालतो, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि मथळा वाचणाऱ्या मुलाला त्याचा अर्थ किती समजला आणि ज्यांचे नाव वर्षानुवर्षे पुकारलेच जात नाही त्या मुलांना त्या टाळ्यांचे काय वाटले, हे दोन प्रश्न प्रत्येक शिक्षकाने स्वतःला विचारण्यासारखे आहेत. त्या प्रश्नांच्या अनुरोधाने वार्ताफलकाचा उपयोग कसा करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. एक जुना आदर्श

शाळेतील दैनंदिन वार्तेचे महत्त्व ओळखणाऱ्या महाराष्ट्रातील शिक्षकांत साने गुरुजींचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ साली अमळनेर येथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. अमळनेर त्या वेळी पूर्व खानदेश जिल्ह्यात होते. आज ते जळगाव जिल्ह्यात आहे. तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक सुरू केले. पुढे १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. १९३० साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उडी घेण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक म्हणून पुढे महाराष्ट्राने त्यांना ओळखले. परंतु त्यांच्या संपादनकार्याचा आरंभ शाळेच्या छात्रालयातील या हाताने लिहिलेल्या पानांपासून झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या उदाहरणातून आपणांस घ्यावयाचा बोध साधा आहे. त्या दैनिकाला छापखाना लागला नाही आणि अनुदानही लागले नाही. कागद, शाई व रोज थोडा वेळ देण्याची तयारी एवढ्यावर ते चालले. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांना आपल्यासाठी, आपल्या भाषेत, आपल्या गुरुजींनी रोज काही लिहिले आहे, ही जाणीव त्यातून मिळत होती. वार्ताफलकाचे मूल्य या जाणिवेत आहे. ज्या गोष्टी आपल्या संबंधाच्या आहेत त्या मूल लक्षपूर्वक वाचते आणि वाचता वाचता वाचावयास शिकते.

२. वार्ता कोणती घ्यावी

वृत्तपत्रातील मथळा फलकावर उतरविणे सोपे असते. परंतु तिसरी-चौथीच्या मुलाला ‘विधेयक संमत’ किंवा ‘निर्देशांकात घसरण’ यांतून काहीच बोध होत नाही. राज्यातील वा देशातील वार्ता अवश्य द्यावी. मात्र ती आठवड्यातून दोन-तीन वेळा, निवडून, दोन सोप्या वाक्यांत आणि भिंतीवरील नकाशावर ते ठिकाण दाखवून द्यावी. उरलेली जागा गावाची व शाळेची असावी.

गावात वार्ता काय असणार, अशी शंका काही शिक्षक बोलून दाखवितात. वस्तुतः खेड्यात रोज काही ना काही घडत असते. विहिरीचे पाणी एका परसाने खाली जाते, आंब्याला पहिला मोहोर येतो, एस. टी.ची वेळ बदलते. आठवड्याच्या बाजारात कांद्याचा भाव उतरतो. लसीकरणासाठी आरोग्यसेविका येणार असतात. ग्रामसभेची दवंडी पिटली जाते. या सर्व वार्ता मुले घरी ऐकतात व डोळ्यांनी पाहतात. त्या नेमक्या शब्दांत मांडावयास शिकविणे हे भाषेच्या शिक्षकाचे काम होय.

अशा वार्तेतून इतर विषयांचेही शिक्षण कसे होते, याचे एक उदाहरण पाहू. सपाट तळाची व उभ्या बाजूंची, तोंडापासून तळापर्यंत सारख्या रुंदीची काचेची बरणी झाडे व भिंती यांपासून दूर, मोकळ्या जागी ठेवावी. तीत साचलेल्या पाण्याची उंची मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी. हवामान खात्याची पर्जन्याची नोंद सकाळी साडेआठ वाजता घेतली जाते. शाळेनेही ठरावीक वेळ पाळावी, म्हणजे एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी तुलना करता येते. मग फलकावर अशी वार्ता येईल : ‘काल सकाळपासून आज सकाळपर्यंत आपल्या गावी १८ मिलिमीटर पाऊस पडला. मोजणी : इयत्ता सहावी.’ एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. शाळेचे छप्पर आठ मीटर लांब व सहा मीटर रुंद धरले, तर त्याचे क्षेत्रफळ ४८ चौरस मीटर होते आणि त्यावर एका दिवसात ८६४ लिटर पाणी पडले, असे मुले स्वतः काढू शकतात. उन्हाळ्यात घागरीसाठी वणवण करणाऱ्या गावातील मुलाला हा हिशेब क्रमिक पुस्तकातील उदाहरणापेक्षा अधिक काळ स्मरणात राहील.

३. खातरजमा

वार्ता लिहिण्यापूर्वी मुलांना पाच प्रश्न विचारण्याची सवय लावावी : काय घडले? कोठे घडले? केव्हा घडले? कोणाच्या बाबतीत घडले? आणि हे आपणांस कसे कळले? यांपैकी पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. ‘मी स्वतः पाहिले’, ‘पाहणाऱ्याने सांगितले’ आणि ‘लोक म्हणतात’ या तीन उत्तरांतील अंतर मुलांच्या मनावर बिंबविले पाहिजे. तिसऱ्या प्रकारची वार्ता फलकावर घेऊ नये. ग्रामपंचायतीत, आरोग्य उपकेंद्रात किंवा संबंधित व्यक्तीकडे चौकशी करण्यास मुलांना सांगावे आणि खात्री झाल्यावरच ती लिहावी.

ही शिकवण केवळ भाषाशुद्धीपुरती नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आली आहे या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. ती माणसे भिक्षुकीवर उदरनिर्वाह करणाऱ्या भटक्या समाजातील होती. अफवा भ्रमणध्वनीवरून पसरल्या होत्या. त्या पुढे पाठविणाऱ्यांपैकी किती जणांनी ‘हे आपणांस कसे कळले?’ असा प्रश्न स्वतःला विचारला असेल? आज प्रत्येक घरी भ्रमणध्वनी पोहोचू लागला आहे आणि घरातील मोठी माणसे पुष्कळदा शिकत्या मुलाकडून त्यावरील मजकूर वाचून घेतात. अशा वेळी चौकशी करून मग बोलणारे एक मूल घरात असणे ही साऱ्या गावाच्या दृष्टीने मोठी गोष्ट होय. तो संस्कार करण्याचे अत्यंत स्वस्त साधन म्हणून वार्ताफलकाकडे पाहावे.

४. कामगिरी कोणाची व कोणती

आता ‘अभिनंदन’ या रकान्याकडे वळू. शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी, नवोदय विद्यालयासाठी निवड झालेला विद्यार्थी, कबड्डीचा विजयी संघ यांची नावे फलकावर झळकलीच पाहिजेत. परंतु केवळ एवढ्यावर हा रकाना ठेवला, तर तो वर्षातील बहुतेक दिवस रिकामा राहतो, अथवा तीच ती चार-पाच नावे त्यावर येत राहतात. उरलेल्या मुलांची अशी समजूत होते की, शाळा ही त्या चार-पाच जणांची आहे. सातवी-आठवीनंतर शाळा सोडणाऱ्या मुलांशी बोलून पाहावे. शाळेत आपले काही अडत नव्हते आणि आपल्यावाचून शाळेचेही अडत नव्हते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय पुष्कळदा आढळतो.

यावर एक हिशेबी उपाय आहे. शिक्षणहक्क अधिनियमानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० दिवस शाळा भरते. साठ पटाच्या शाळेत रोज एकच नाव फलकावर लिहिले, तरी प्रत्येक मुलाच्या वाट्याला वर्षातून तीन दिवस येतात आणि काही दिवस शिल्लक राहतात. दोनशे पटाच्या शाळेतही प्रत्येकाला एक दिवस मिळतो. तेव्हा सवड नाही, ही सबब टिकणारी नाही. हजेरीपटाच्या क्रमाने एक स्वतंत्र वही करावी; नाव फलकावर आले की त्यापुढे दिनांक घालावा. सत्राच्या मध्यास ज्यांच्यापुढची जागा कोरी असेल, त्या मुलांकडे शिक्षकाने मुद्दाम लक्ष द्यावे. ती जागा कोरी राहण्याचे कारण बहुधा एवढेच असते की, त्या मुलाकडे आपले अजून नीट पाहणे झालेले नाही.

मात्र क्रम आला म्हणून खोटी स्तुती करू नये. ‘आदर्श विद्यार्थी’, ‘अत्यंत हुशार’ असली विशेषणे मुलाला काहीच सांगत नाहीत. शिवाय ती पोकळ असल्याचे मुले तत्काळ ओळखतात. घडलेले काम लिहावे. ‘हातच्याच्या वजाबाकीची दहाही उदाहरणे बरोबर सोडविली’, ‘पहिलीतील दोन मुलांना महिनाभर मुळाक्षरे गिरविण्यास मदत केली’, ‘बिनचूक तीस ओळी मोठ्याने वाचल्या’, ‘शाळेच्या बागेतील कढीपत्त्याचे रोप उन्हाळ्यात जगविले’ अशी वाक्ये वाचून त्या मुलाला आपण काय केले ते कळते व इतरांना काय करता येईल ते समजते. वार्तेला लावलेली कसोटी प्रशंसेलाही लावावी : काय केले, केव्हा केले आणि आपणांस कसे कळले?

ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांचा येथे स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. दिवाळीच्या सुमारास ही मुले आईबापांबरोबर जातात आणि हंगाम संपल्यावर, परीक्षेच्या तोंडावर परततात. बुडालेल्या अभ्यासाची यादीच त्यांच्या स्वागताला उभी असते. एका शाळेत पाहिलेली पद्धत अनुकरणीय वाटली. परत आलेल्या एका मुलीला शिक्षिकेने फडावरची हकीकत विचारली. मोळी कशी बांधतात, वाढे कोठे विकतात, गाडी कारखान्यात गेल्यावर उसाचे वजन कसे होते, हे तिने क्रमाने सांगितले. दुसऱ्या दिवशी फलकावर तिचे नाव होते आणि ‘ऊस फडातून कारखान्यात कसा जातो, याची माहिती वर्गाला दिली’ असे लिहिले होते. मुलांच्या कष्टांचे कौतुक करण्याचा यात हेतू नाही. त्या वयात तिने शाळेत असावे, हेच योग्य. पण तिने जे पाहिले ते तिचे ज्ञान होते आणि शाळेने त्याला ज्ञान म्हणून मान दिला. अशा मुलाचे शाळेत पुन्हा रुळणे निश्चितच सुलभ होते.

५. काय लिहू नये

उशिरा येणारे, गृहपाठ न करणारे किंवा अनुत्तीर्ण विद्यार्थी यांची नावे फलकावर कदापि लिहू नयेत. मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ अन्वये मनाई आहे; चारचौघांत केलेली अप्रतिष्ठा हा मानसिक त्रासच होय. मुलाची जात, घरातील कलह, आजार किंवा गरिबी सूचित होईल असा मजकूर घेऊ नये. ‘अत्यंत गरीब परिस्थितीतून’ हे शब्द आपण गौरवाने लिहितो. मुलाला मात्र ते टोचण्याचा संभव असतो. विद्यार्थ्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरील गटांत पाठविण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी. व्हरांड्यातील फळा उद्या पुसता येतो. पाठविलेले छायाचित्र परत घेता येत नाही.

६. व्यवस्था

पाचवीपासून पुढील इयत्तांच्या तीन विद्यार्थ्यांचे एक वार्तामंडळ आठवड्यापुरते नेमावे : एकाने वार्ता जमवाव्या, दुसऱ्याने पडताळाव्या, तिसऱ्याने सुवाच्य अक्षरांत लिहाव्या. चौथीपर्यंतच्या शाळेत तिसरी-चौथीची मुले हे काम शिक्षकाच्या मदतीने करू शकतात. आदल्या दिवशी शाळा सुटताना मजकूर शिक्षकास दाखवावा, म्हणजे सकाळी घाई होत नाही. एकूण मजकूर सहा-सात ओळींपेक्षा अधिक नसावा. शुद्धलेखन शिक्षकाने तपासावे. मात्र मुलांची वाक्ये शक्य तितकी मुलांचीच राहू द्यावीत.

फळा पुसण्यापूर्वी त्यावरील मजकूर एका वहीत उतरून घ्यावा. वर्षअखेर ही वही म्हणजे गावाचा व शाळेचा छोटासा इतिहास होतो. बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ हे मराठीतील पहिले वृत्तपत्र ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केले. त्या दिवशी या वहीतील निवडक वार्तांचे हस्तलिखित काढून ग्रामस्थांपुढे वाचून दाखविता येईल.

हे सारे करण्यास खडू, फळा, एक वही व दिवसाची दहा मिनिटे पुरेशी आहेत. चालू सत्राच्या पहिल्या सोमवारी ही नावांची वही प्रत्येक शाळेने सुरू करावी, अशी विनंती आहे. यापुढील शाळाभेटींत फलकावरील सुविचाराबरोबर ही वहीही आवर्जून पाहिली जाईल आणि त्या वेळी शेवटची कोरी जागा कशी भरली, हे ऐकण्याची उत्सुकता राहील.