हिवाळ्यातील अंडी : एका चुकलेल्या निदानाची हकीकत

व्यवसायातून निवृत्त झाल्यावर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील घराच्या परसात मी सहा कोंबड्या पाळल्या. पावसाळा सरेपर्यंत रोज चार-पाच अंडी मिळत. मार्गशीर्ष लागला आणि टोपली रिकामी राहू लागली. आमच्याकडील थंडी सर्वांना ठाऊक आहे. आयुष्यभर रोगनिदान केलेल्या मी तत्काळ निदान केले : थंडी बाधली! खुराड्याच्या जाळ्यांवर गोणपाट ठोकले. वाऱ्याला फट म्हणून ठेवली नाही.

आठ दिवसांत आत अमोनियाचा दर्प डोळ्यांना झोंबू लागला. दोन कोंबड्या घुरघुरू लागल्या, त्यांतील एक दगावली. अंडे मात्र एकही नाही. अखेर एका पशुवैद्य मित्रास बोलावले. त्यांनी प्रथम वरचे गोणपाट काढले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पिसांची रजई त्यांच्या अंगावरच आहे. त्यांना मोकळी हवा हवी आणि उजेड हवा."

खरे कारण दिवसाची लांबी हेच होते. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश पक्ष्यांच्या हायपोथॅलॅमसमधील संवेदी पेशी टिपतात. त्यावरून पिट्युटरी ग्रंथीस बीजकोश चेतविण्याचा संदेश मिळतो. भरपूर अंड्यांसाठी 14 ते 16 तास उजेड लागतो. डिसेंबरात ग्वाल्हेरचा दिवस जेमतेम साडेदहा तासांचा. शिवाय याच सुमारास जुनी पिसे गळतात आणि आहारातील प्रथिने नव्या पिसांकडे वळतात. हा आजार नव्हे, विश्रांती होय.

त्या वर्षी पहिले अंडे संक्रांतीनंतर मिळाले. तोवर दिवसही वाढू लागला होता. पुढील वर्षी मात्र नवी पिसे भरताच एक लहान दिवा लावला. पहाटेचा उजेड दर आठवड्यास अर्धा तास वाढवीत एकूण 14 तासांवर नेला. दिवा सायंकाळी लावू नये. तो एकाएकी विझला तर कोंबड्यांना अंधारात बसण्याची दांडी सापडत नाही. वरचे झरोके उघडे ठेवले, गोणपाट केवळ खालच्या, वाऱ्याच्या बाजूस. 16 टक्के प्रथिनांचे खाद्य, सकाळी कोमट पाणी, सायंकाळी मूठभर मका. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून शिंपल्यांचा चुरा निराळ्या भांड्यात ठेवला. पौषातही रोज दोन-तीन अंडी मिळाली.

एक पथ्य अवश्य पाळावे. दिवा सुरू केल्यावर खंड पडू देऊ नये. उजेड अचानक घटला की पुन्हा पिसे गळून अंडी थांबण्याचा संभव असतो. वयस्कर कोंबड्यांना मात्र मी दिव्याविना विसावू देतो.

दगावलेल्या त्या कोंबडीस औषधाची गरजच नव्हती, ही रुखरुख मला आजही आहे. परसात कोंबड्या पाळणाऱ्या सहव्यवसायी मित्रांनी गोणपाट शोधण्यापूर्वी पंचांगातील सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा पाहाव्यात, एवढीच विनंती.