पीएच.डी.चा अर्ज : एका कामगार कार्यकर्त्याच्या दृष्टीने



रासायनिक कारखान्यांतील कामगारांची संघटना बांधणाऱ्या माणसाने अमेरिकेतील पीएच.डी.च्या अर्जावर बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. आमचे स्वतःचे शिक्षण दिवसा कारखान्याच्या फाटकावर आणि रात्री वाचनालयात झाले. पदवी आमच्यापाशी कोणतीच नाही. परंतु ज्या रिॲक्टरवर बापाने पाळ्या केल्या, त्यातल्या रसायनाचे शास्त्र शिकून मुलगी एम.एस्सी. झाली, अशी घरे आता आमच्या सभासदांत आहेत. ती मुले आईबापांसह संघटनेच्या कचेरीत येतात आणि पहिला प्रश्न एकच असतो : 'परदेशी शिकायला किती लाख लागतील?' या प्रश्नातच सगळा घोटाळा आहे. त्याचाच उलगडा आज आम्ही करणार आहोत.

आपल्याकडे दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. अमेरिकेत एम.एस. हा बहुधा विकत घ्यावयाचा अभ्यासक्रम आहे. शुल्क विद्यार्थ्याने भरावयाचे. त्यासाठी आपल्याकडे राहते घर किंवा जमीन तारण ठेवून कर्जे काढली जातात. रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रे यांतील पीएच.डी.ची गोष्ट उलटी आहे. तेथे निवडलेल्या विद्यार्थ्याचे शिक्षणशुल्क सामान्यतः माफ होते किंवा विद्यापीठाच्या निधीतून भरले जाते, आणि वर निर्वाहासाठी वेतन मिळते. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. पदवीच्या शेकडो मुलांची प्रात्यक्षिके घेणे, त्यांच्या उत्तरपत्रिका तपासणे हे काम पीएच.डी.चे विद्यार्थी करतात. आणि प्राध्यापकाला संशोधनासाठी जे सरकारी अनुदान मिळते, त्यातले प्रयोगही बव्हंशी त्यांच्याच हातून पार पडतात. असे पाच-सहा वर्षे चालते. तात्पर्य, हा अर्ज कामावर घेण्याचा अर्ज आहे, असे समजूनच तो लिहिला पाहिजे. एवढी एक गोष्ट ध्यानात आली, की पुढचे सारे आपोआप उलगडत जाते.

कामावर घेणारा काय पाहतो? हा माणूस काम करील का, आणि अडले तर सोडून जाईल का, एवढेच. गुणपत्रिका त्याला अर्धेच उत्तर देते. पूर्वी जीआरई नावाची परीक्षा बहुतेक सगळीकडे मागत. अलीकडे रसायन व जीवशास्त्राच्या पुष्कळ विभागांनी ती मागणे सोडून दिले आहे. इंग्रजीची परीक्षा, म्हणजे टोफेल किंवा आयईएलटीएस, मात्र बहुधा द्यावीच लागते. आणि ज्याला वर्गावर शिकवावयाचे आहे त्याचे बोलणे विशेष पारखले जाते. आपली तीन वर्षांची बी.एस्सी. कित्येक विद्यापीठे पुरेशी धरीत नाहीत, म्हणून एम.एस्सी. करून जाणारे अधिक.

खरे वजन पडते ते प्रयोगशाळेत केलेल्या कामाचे. एम.एस्सी.चा प्रकल्प असो, उन्हाळ्याच्या सुटीतले काम असो, किंवा एखाद्या संस्थेत वर्षभर केलेली सहायकाची नोकरी असो, तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत : प्रश्न कोणता होता, आपल्या हाताने नेमके काय केले, आणि प्रयोग फसला तेव्हा पुढे काय केले. स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणून जे दोन पानांचे निवेदन मागतात, त्यात हेच लिहावयाचे असते. 'लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे' हे वाक्य प्रत्येकाच्या अर्जात असते. त्याने निवड करणाऱ्याला काहीच कळत नाही. 'तीन महिने प्रथिन शुद्ध होत नव्हते. मग द्रावणातले मिठाचे प्रमाण बदलून पाहिले' हे वाक्य एकाच अर्जात असते. शिवाय त्या विभागातील कोणत्या दोन-तीन प्राध्यापकांबरोबर काम करावयाचे आहे आणि का, हे त्यांचे निबंध वाचून लिहावे.

त्यानंतर शिफारसपत्रे. ती बहुधा तीन लागतात. आपल्याकडे मोठ्या हुद्द्याच्या माणसाचे पत्र मिळविण्याची धडपड चालते. कारखान्यातले उदाहरण घ्या. फिटर कसा आहे हे मॅनेजिंग डायरेक्टरला विचाराल, की त्याच्याशेजारी उभे राहून काम पाहणाऱ्या फोरमनला? ज्याने तुम्हांला प्रयोग करताना पाहिले त्याचेच पत्र उपयोगी पडते. काही ठिकाणी प्राध्यापक विद्यार्थ्यालाच मजकूर लिहून आणावयास सांगतात. हे करू नये. ते अप्रामाणिक तर आहेच, शिवाय तीन पत्रांचा एकच सूर वाचणाऱ्याच्या कानांना लगेच जाणवतो. त्यापेक्षा दोन महिने आधी भेटावे, केलेल्या कामाचा एक पानाचा गोषवारा आणि मुदतीच्या तारखा हाती द्याव्यात, आणि मुदत जवळ आली की विनयाने आठवण करावी.

दोन शास्त्रांच्या रीतींत थोडा फरक आहे. जीवशास्त्राच्या बऱ्याच विभागांत पहिल्या वर्षी विद्यार्थी दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवडे काम करून पाहतो आणि मग एक पक्की होते. आपली बदली कामगाराची पद्धत आठवेल. फरक हा, की येथे पारख दोन्ही बाजूंनी होते. रसायनशास्त्रात प्राध्यापकांशी बोलून पहिल्या सत्राच्या शेवटी किंवा वर्षभरात मार्गदर्शक ठरतो. दुसरा फरक पैशांचा आहे. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ ही अमेरिकन सरकारी संस्था विद्यापीठांना पीएच.डी.साठी जी प्रशिक्षण-अनुदाने देते, ती फक्त तेथील नागरिकांना व कायम रहिवाशांना लागू आहेत. म्हणून जीवशास्त्राच्या कित्येक विभागांत परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा मोजक्याच असतात. रसायनशास्त्रात पहिल्या वर्षीचे वेतन पुष्कळदा शिकवण्याच्या कामावर निघते. तेथे त्यामानाने वाव अधिक.

आता वेळापत्रक. बहुतेक मुदती १ ते १५ डिसेंबरच्या सुमारास संपतात. जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती होतात आणि मार्चपर्यंत बरीचशी उत्तरे येतात. अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांनी मान्य केलेला एक ठराव आहे : आर्थिक साहाय्याचा देकार आलेल्या विद्यार्थ्यावर १५ एप्रिलच्या आत होकार देण्याची सक्ती करावयाची नाही. तेव्हा कोणी 'दोन दिवसांत सही करा' म्हणून घाई केली, तर हा ठराव दाखवावा.

खर्च लागतो तो अर्जापुरता. एकेका अर्जाचे शुल्क साधारणतः ७५ ते १०० डॉलर, कोठे त्याहूनही अधिक. दहा-बारा अर्ज म्हटले की कामगाराच्या घराला हा भार मोठा आहे. काही विभाग विनंती केल्यास शुल्क माफ करतात. काही ती सवलत परदेशी अर्जदाराला देत नाहीत. पत्र लिहून विचारण्याला मात्र पैसे पडत नाहीत.

येथे सल्लागार म्हणविणाऱ्यांविषयी बोलणे भाग आहे. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी जॉबर असे. कामावर लावण्यासाठी तो नव्या माणसाकडून दस्तुरी घेई. त्याची सत्ता कशावर उभी होती? जागा कोठे आहे आणि ती कशी मिळते, हे माणसाला ठाऊक नसे, यावर. आजचे काही सल्लागार त्याच अज्ञानावर जगतात. ते पीएच.डी.ची वाट फारशी दाखवीत नाहीत, कारण काही एम.एस. विद्यापीठे त्यांना प्रत्येक भरतीमागे दलाली देतात. विभागाची सारी माहिती विद्यापीठ स्वतःच फुकट प्रसिद्ध करते, हे मुलांनी विसरू नये.

सही करण्यापूर्वी मात्र कामगारासारखे प्रश्न विचारावेत. वेतन बारा महिन्यांचे की नऊ? आरोग्यविमा कोण भरतो? त्या शहरात खोलीचे भाडे गेल्यावर हाती काय उरते? मार्गदर्शक विद्यापीठ सोडून गेला किंवा त्याचे अनुदान आटले, तर जबाबदारी कोणाची? हा शेवटचा प्रश्न हवेतला नव्हे. २०२५ साली तेथील सरकारी अनुदानांना कात्री लागली, तेव्हा काही विद्यापीठांनी जागा कमी केल्या आणि काहींनी दिलेले देकारही परत घेतले. प्रयोगशाळेत सध्या काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना एकान्तात विचारले, तर मार्गदर्शकाचा स्वभावही कळतो.

हे वेतनही आपोआप वाढलेले नाही. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठातील सुमारे ४८ हजार शिक्षण-संशोधन कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. त्यांची संघटना म्हणजे अमेरिकेतील मोटार कामगारांचीच युनियन! संप मिटला तेव्हा शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांचे नऊ महिन्यांचे किमान वेतन सुमारे २३ हजार डॉलरांवरून दोन वर्षांत ३४ हजारांवर नेण्याचे ठरले. आपल्या देशातही असेच घडले. संशोधक विद्यार्थ्यांनी आंदोलन केल्यावर कनिष्ठ शिष्यवृत्ती २०१९ साली २५ हजारांवरून ३१ हजार रुपये झाली आणि २०२३ च्या आरंभापासून ३७ हजार. सीएसआयआर-यूजीसीच्या नेट परीक्षेतून ही शिष्यवृत्ती मिळवून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पीएच.डी. करता येते. परदेशी अर्ज भरणाऱ्याने हे घरचे दारही ठोठावून ठेवावे.

आणि नकार आला तर? प्रत्येकाला काही नकार येतातच. जागा थोड्या आणि अर्ज फार. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या कमला भागवत यांचा अर्ज बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने त्या स्त्री असल्यामुळे नाकारला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांनी समक्ष जाऊन कारण विचारले आणि त्या हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. कमला सोहोनी त्या ह्याच.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कोणी शिक्षक असतील, कोणी वाचनालयाचे चालक असतील. या मुदती, हे वेतनाचे आकडे आणि नेटच्या तारखा एका कागदावर लिहून दर जुलैत वाचनालयाच्या फलकावर लावा. दर आणि अटी फाटकावर लिहिल्या गेल्या, की दस्तुरी मागण्याला कोणाला जागा राहत नाही.