आल्प्सच्या तळ्यांत बुडी मारण्यापूर्वी

मालवण-तारकर्लीने अनेक मराठी पर्यटकांना स्कुबाची गोडी लावली. त्यातले काही जण पुढे रीतसर ओपन वॉटर लायसन्स मिळवतात आणि स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाच्या सहलीत तिथल्या निळ्याशार तळ्यांत उतरायचा बेत आखतात. बेत चांगलाच आहे. मात्र तळे फोटो पाहून निवडू नये. त्याची उंची, पाण्याचे तापमान आणि बुडीनंतरचा रस्ता पाहून निवडावे.

गैरसमज : लाटा नाहीत, भरती-ओहोटी नाही, म्हणजे तळे सोपे.
वस्तुस्थिती : उन्हाळ्यात वरचे पाणी 20 अंशांच्या पुढे असते, पण 10-15 मीटर खाली गेले की थंड पाण्याचा थर अचानक लागतो. खोल तळाशी तर 4-5 अंशच, कारण गोडे पाणी 4 अंशांना सर्वांत जड असते. सिलिंडरमधली हवा प्रसरण पावताना आणखी गार होते आणि रेग्युलेटर गोठून हवा भसाभसा सुटू शकते. म्हणून थंड पाण्याचा रेग्युलेटर हवा, आणि ड्रायसूट वापरायचा तर त्याचे आधी प्रशिक्षणही हवे.

गैरसमज : समुद्रात लागते तेवढेच वजन कमरेला बांधायचे.
वस्तुस्थिती : समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. त्यामुळे तोच सूट घातला, तर तळ्यात साधारण दोन किलो वजन कमी लागते. ड्रायसूटमध्ये मात्र हवा असल्याने ते वाढते. काठाजवळ तरंगून पाहूनच वजन ठरवावे.

गैरसमज : उंचावरचे डायव्हिंग म्हणजे डोंगरमाथ्यावरची तळी.
वस्तुस्थिती : डायव्हिंगच्या हिशेबात उंची 300 मीटरपासून सुरू होते. लेक कॉन्स्टन्स 395, झ्युरिकचे तळे 406, ऑस्ट्रियातले आटरझे 469, तर बव्हेरियातले वाल्खेनझे सुमारे 800 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे वर येताना शरीरातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका जास्त. डायव्ह कॉम्प्युटरवर उंची बरोबर लागली आहे ना, हे पाहूनच उतरावे.

गैरसमज : पाण्याबाहेर आलो की धोका संपला.
वस्तुस्थिती : सहलीत सर्वांत मोठी चूक इथेच होते. सकाळी झ्युरिकच्या तळ्यात बुडी आणि दुपारी गोटहार्ड घाटातून दक्षिणेकडे, असा बेत सहज आखला जातो. तो घाट 2,106 मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षा साडेसातशे मीटर उंच. गाडीतून वर चढतानाही दाब घटतोच. विमानप्रवासाआधी एका बुडीनंतर किमान 12 तास आणि अनेक बुड्यांनंतर 18 तास थांबावे, असा नियम आहे. एवढ्या उंच घाटाआधीही तेवढेच थांबावे. म्हणजेच बुडी मुक्कामाच्या दिवशी घ्यावी, प्रवासाच्या दिवशी नाही.

गैरसमज : फोटोत स्वच्छ दिसते, ते तळे कधीही स्वच्छ आणि खुले.
वस्तुस्थिती : वितळत्या बर्फाबरोबर येणारा गाळ आणि शेवाळ यांमुळे उन्हाळ्यात पाणी गढूळ होऊ शकते. हिवाळ्यात ते सहसा अधिक नितळ असते. पाण्याखालच्या बाकांच्या फोटोंमुळे प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रियातल्या ग्र्युनर झे तळ्यात तर 2016 पासून डायव्हिंगला बंदी आहे.

गैरसमज : गोड्या पाण्यात पाहण्यासारखे काय असणार?
वस्तुस्थिती : लाकूड पोखरणारे सागरी किडे गोड्या पाण्यात नसतात. त्यामुळे बुडालेल्या बोटींचे लाकूड तिथे अधिक टिकते. 1864 मध्ये बुडालेली ‘युरा’ ही आगबोट लेक कॉन्स्टन्सच्या तळाशी आजही ओळखता येते. पण ती 38-39 मीटर खोल आहे आणि ओपन वॉटर लायसन्सची मर्यादा 18 मीटर. तेव्हा ती अनुभवी डायव्हरांसाठीच. आल्प्सच्या तळ्यांकाठच्या प्रागैतिहासिक खांबवस्त्यांचे अवशेष 2011 पासून जागतिक वारसा आहेत, त्यांना हात लावू नये.

शेवटी एक विनंती. 2016 मध्ये लेक कॉन्स्टन्समध्ये क्वागा हा परका शिंपला आढळला आणि झपाट्याने पसरला. त्याची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत, ओल्या सूटमधूनही दुसऱ्या तळ्यात पोहोचतात. पुढच्या तळ्यात उतरण्याआधी सगळे सामान स्वच्छ धुवा आणि पूर्ण कोरडे करा.